इंगवले सरकारांचं डावं चाक

कोल्हापुरात मुमताजभाभींचं टायरचं दुकान. एका सकाळी दुकानासमोर टेम्पो थांबला आणि त्यातून इंगवले सरकारांची तीस वर्षं जुनी लाल स्पोर्ट्स कार उतरली. धूळ लागू नये म्हणून टेम्पोतून आणली होती म्हणे!

"शर्यतीचे चार टायर काढा," सरकार गरजले. "दर रविवारी घाटात दोनशेनं पळवतो मी हिला."

भाभी म्हणाल्या, "सरकार, ते टायर पळून तापले तरच रस्ता धरतात. उभ्या गाडीला काय उपयोग? चांगले साधे घ्या."

"उभी गाडी?" सरकारांनी मिशीला पीळ दिला. शेजारच्या चहाच्या टपरीवर सगळ्यांनी कान टवकारले. "बाईमाणसाला वेगातलं काय कळतंय? दुकानाची पाटी उतरवा आधी!"

भाभी डाव्या चाकाशी वाकल्या, आत निरखून पाहिलं आणि पदराआड हसू दाबत उठल्या.

"खरंय सरकार, मला नाही कळत. पण या चाकात एक कोळी राहतोय. दोनशेच्या वेगानं गरगर फिरत पठ्ठ्यानं जाळं विणलं, संसार थाटला, पिल्लंही मोठी केली. टायर कुठले घ्यायचे ते त्यालाच विचारू की!"

टपरीवर कुणाला तरी चहाचा ठसका लागला. सरकार तावातावानं वाकून बघायला गेले आणि उठले तेव्हा कोळ्यासकट जाळं मिशीला लोंबत होतं.

"ते... साधे टायर दाखवा," ते पुटपुटले.

"दाखवते की. पण आधी त्याला मिशीवरनं हळू उतरवा. एवढ्या वेगाची सवय, एका जागी चक्कर यायची बिचाऱ्याला!"