भरलेला माठ

"अव्वा, या बायका बोलत का नाहीत?"

प्रणिताने वैतागून वही मिटली. विडी कामगार युनियनची ती नवी सेक्रेटरी. कायद्याची पदवी घेतलेली, आणि घेतल्याचं कधीच न विसरणारी. उद्या तिला सरकारी समितीपुढे बायकांच्या मागण्या मांडायच्या होत्या. अशी समिती पुन्हा कधी बसेल, कुणास ठाऊक.

सोलापुरात ही युनियन नरसव्वानेच उभी केलेली. आता वय झालं, तरी सगळ्यांची ही अव्वा, म्हणजे आजी, रोज विडी कारखान्यात येऊन बसे.

"काय विचारलंस?"

"सगळं. बाळंतपणाची रजा, पाळणाघर, पेन्शन. काम थांबवून एकेकीला समोर बसवलं. नुसत्या माना डोलावतात."

"काम थांबवून? विड्या मोजून मजुरी मिळते त्यांना."

"मग कसं विचारायचं?"

"विचारू नको." म्हातारीने पानं-तंबाखूचं सूप तिच्या मांडीवर ठेवलं. "वळ."

प्रणिताची पहिली विडी उलगडली. दुसरीही. चाळीस जणी खुदकन हसल्या, पण एकीचीही बोटं थांबली नाहीत.

ऊन चढलं. वरचा पत्रा तापला. तंबाखूच्या धुळीने घसा खवखवू लागला. दाराजवळच्या माठातलं पाणी ती तीनदा पिऊन आली.

दुपारी ती शेजारच्या बालामणीकडे झुकली.

"ताई, बाथरूम कुठंय?"

बालामणीची बोटं थांबली...

"इथं नाही, मॅडम."

"मग तुम्ही कुठं जाता?"

"घरी. संध्याकाळी."

"आणि पोटुशी असली तर?"

"तीबी संध्याकाळीच."

प्रणिताने सूप बाजूला ठेवलं. तिने वही उघडली. सुबक अक्षरातल्या सगळ्या मागण्या वाचून काढल्या. हे त्यात कुठेच नव्हतं.

"अव्वा..." ती नरसव्वाकडे वळली. "एवढी मोठी गोष्ट. यांनी मला सांगितली का नाही?"

नरसव्वा गुडघ्यांवर हात देत उठली. माठापाशी गेली, झाकण काढलं आणि प्रणिताला जवळ बोलावलं.

सकाळी भरलेला माठ. पाणी अजून गळ्याशी होतं. फक्त तिचे तीन पेले कमी झाले होते.

प्रणिताने मागे वळून पाहिलं. चाळीस कोरडे ओठ, आणि भराभर चालणारी बोटं. या बायकांसमोर उभं राहायचीही आपली लायकी नाही, असं तिला वाटलं.

नरसव्वाने झाकण परत ठेवलं.

"सकाळपासून सांगतायत की."