नऊ मिनिटांची चाकं

"...मग या तिन्हीतली कुठली घेऊ, चाचा?"

भरतेशनं कागद पुढं धरला. कागदावर चाकांच्या तीन जोड्या होत्या. तिन्ही डिस्क ब्रेकच्या सायकलीला बसणाऱ्या, तिन्ही त्याच्या खिशाला परवडणाऱ्या. पहिली बत्तीस आऱ्यांची, दणकट. दुसरी अठ्ठावीस आऱ्यांची. तिसरी चोवीस आऱ्यांची, सगळ्यांत हलकी, आणि तिच्यापुढं निळ्या शाईत दोन चांदण्या काढलेल्या. म्हणजे उत्तर तो घरूनच ठरवून आला होता, फक्त कुणीतरी मान डोलवायची बाकी होती.

दस्तगीरचाचांनी मान डोलवली नाही. एका जुन्या चाकाच्या मधल्या हबमध्ये ते तेलाचे थेंब सोडत बसले होते.

"रोजच्या रस्त्याला चोवीस आरे?"

"ताण बरोबर असेल तर चालतात."

"आनि आत्ताच्या चाकांना काय झालं?"

"जड आहेत."

"कुनाला?"

भरतेश गडबडला. "म्हणजे... रिंगच जड आहे. दोन्ही चाकं मिळून सहाशे ग्रॅम कमी होतील."

चाचा पुन्हा तेलाकडं वळले.

दस्तगीर शिकलगार गेली पन्नास वर्षं मिरजेत, मार्केटच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सायकलींची चाकं बांधत होते. वाकड्या चाकाचा आऊट काढून ते सरळ करावं तर चाचांनीच, असं भागातले सायकलवाले म्हणत. भरतेश मगदूम मिरजेच्याच एका पंपांच्या कारखान्यात डिझाइन इंजिनियर. दोन वर्षं दर रविवारी सकाळी जयसिंगपूरहून सायकल मारत तो चाचांकडं आऊट काढायला शिकायला यायचा.

शिष्य हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे घटकाभरही विसरायला तयार नव्हता. चाचा आरे बोटानं छेडून ताण ओळखायचे. यानं ताण मोजायचं मीटर विकत आणलं आणि चाचांच्या एका चाकात तीन आऱ्यांची चूक काढून दाखवली. चाचांनी मीटर बघितलं, "बरोबर हाय तुमचं" म्हणाले आणि तिन्ही आरे आवळले. वाद झाला नाही म्हणून स्वारी दिवसभर हिरमुसलेली होती.

पण ते आधीचं. दीड महिन्यापूर्वी त्याची आई गेली.

भर दुपारी कारखान्यात फोन आला होता. आईचं काही खरं नाही, असशील तसा ये. कारखान्यापासून घर पंधरा किलोमीटर. सायकलवरनं तो चाळीस मिनिटांत घरी पोचला तेव्हा आईला जाऊन नऊ मिनिटं झाली होती. वेळ बहिणीनं घड्याळात बघून ठेवली होती. शेवटपर्यंत आई "भरत आला का" एवढंच विचारत होती, हेही बहिणीनंच सांगितलं. त्या बिचारीला वाटलं, भावाला तेवढंच बरं वाटेल.

मग माणसं भेटायला येऊ लागली. येईल त्याला त्याचे वडील एकच सांगायचे, "पोरगं जीव तोडून आलं हो सायकलवरनं. नऊ मिनिटांनी हुकलं." सांगताना अण्णांना रडू यायचं, आणि त्या रडण्यातही पोराचा अभिमान असायचा. भरतेश तेव्हा उठून आतल्या खोलीत जायचा. तिथंच बसून त्यानं हलकी चाकं शोधायला सुरुवात केली.

चाचाही भेटायला गेले होते. अण्णांनी त्यांनाही तेच सांगितलं होतं.

"ही नवी चाकं घातली," चाचांनी विचारलं, "तर घरी किती लौकर पोचताय?"

"दीड मिनिट. टायरपण बदलले तर तीन."

"आनि तुमाला किती पायजे?"

"नऊ."

त्याला ते म्हणायचं नव्हतं. तोंडातून गेलं.

चाचांनी तेलाची कुपी खाली ठेवली. बाहेर कुणीतरी भाजीची गाडी ढकलत नेत होतं, तिचं एक चाक करकरत होतं...

"मागचं चाक काढा," चाचा म्हणाले.

भरतेशनं सायकल उलटी करून मागचं चाक सोडवलं. चाचांनी ते आऊट काढायच्या घोडीवर चढवलं, खडूचा एक तुकडा घेतला, रिंगेच्या कडेजवळ धरला आणि दुसऱ्या हातानं चाक फिरवलं. हात अजिबात हलू दिला नाही. चाक फिरून फिरून थांबलं तेव्हा रिंगेवर एकाच जागी वीतभर लांबीचा पांढरा पट्टा उमटला होता. बाकी रिंग कोरी. तेवढ्या भागात चाक दोन सूत बाहेर जात होतं, म्हणजे नुसत्या डोळ्यांनाही दिसावं इतकं.

"कवाचं हे?"

भरतेश पट्ट्याकडं बघत राहिला. "त्या दिवशीचं असेल. पुलाच्या अलीकडं खड्डा होता. जोरात होतो... दिसलाच नाही."

"दीड म्हैना झाला. आनि दोन वर्सं माज्याजवळ बसलेल्या मानसाला कळलं न्हाई?"

"ब्रेक कुठं घासला नाही, चाचा."

"घासंल कसा?" चाचांनी खडू खाली ठेवला. "जुन्या सायकलीचं ब्रेक रिंगंवर दाबायचं. चाक जरा वाकडं झालं की रबराला घासायचं, आवाज करायचं. पायाला जड लागायचं. मालकाला त्याच दिवशी कळायचं. तुमची डिस्क मधी हबला, तिचा आनि रिंगंचा संबंधच न्हाई. चाक कितीबी वाकडं होऊ द्या, गप फिरत ऱ्हातंय. कुनाला पत्ता न्हाई."

आरे आवळायची चावी घोडीवरच होती. असला आऊट भरतेशनं अर्ध्या तासात काढला असता. त्यानं चावीला हात लावला नाही.

"चाचा..."

चाचांनी वर बघितलं.

"मला त्या दिवशी गाडी मिळत होती."

"कुनाची?"

"आमच्या स्टोअरच्या सावर्डेकरांची. फोन आला तसे ते धावत आले, मोटरसायकलची किल्ली हातात ठेवली. म्हणाले, जावा, वीस मिनिटांत पोचताय." भरतेश थांबला. "मी किल्ली परत दिली."

चाचांनी "का" विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, मग कदाचित त्याला कारण बनवता आलं असतं.

"सहाशे अकरा दिवस झाले होते," तो म्हणाला. "सहाशे अकरा दिवस इंजिनाच्या गाडीवर बसलो नव्हतो. पावसात नाही, तापात नाही. फोनमध्ये रोज एक हिरवी खूण पडते... आईचं आधी दोनदा असंच झालं होतं, दोन्ही वेळा ती उठून बसली. मला वाटलं, पोचतो की. मला वाटलं, खुणांची ओळ कशाला तोडायची."

दीड महिन्यात हे त्यानं पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं होतं. मनात होतं त्याहून ते ऐकायला फार वाईट होतं. त्याला स्वतःची किळस आली.

चाचा आता काहीतरी म्हणतील अशी त्यानं वाट बघितली. असू दे म्हणतील, तिची वेळच आली होती म्हणतील. लोक म्हणतात तसलं काहीही चाललं असतं.

"वडलांना ठावं हाय?" शेवटी त्यांनी विचारलं.

"नाही."

"त्यांनी इचारलं न्हाई, का उशीर झाला म्हनून?"

"मला उशीर झाला असं त्यांना वाटतच नाही, चाचा. ते सगळ्यांना सांगतात की मी..."

त्यानं चष्मा काढून शर्टाला पुसला आणि परत घातला. हातातला कागद घामानं मऊ पडला होता. काहीतरी विचारायला हवं होतं, आणि दुसरा प्रश्न त्याच्याजवळ नव्हता.

"मग यातली... कुठली घेऊ?"

चाचांनी या वेळी कागद घेतला. न वाचता त्याच्या चार घड्या घातल्या आणि भरतेशच्या शर्टाच्या खिशात ठेवला. मग ते गुडघ्यावर हात देऊन उठले, वाकडं चाक घोडीवरनं उतरवलं आणि भिंतीवरच्या वरच्या खुंटीला अडकवलं. चाक नसलेली सायकल दारात उलटी पडून होती.

"ऱ्हाऊ द्या ही हितंच. चालत जावा."

"चालत? जयसिंगपूरला?"

चाचांनी होय म्हणून मान हलवली.

"तीन तास लागतील, चाचा. रविवारी अण्णा माझ्यासाठी जेवायचे थांबतात."

"थांबू द्या."

"काळजी करतील. दारात येऊन बसतील ते..."

चाचांनी दुसरं एक चाक पुढ्यात ओढलं आणि त्याचे आरे बोटानं एकेक करून छेडायला लागले. भरतेश उभाच होता. तो अजून गेला नाही हे जाणवल्यावर त्यांनी बोट थांबवलं, पण वर बघितलं नाही.

"बसू द्या. आज इचारतील, का उशीर झाला म्हनून."