रापणीची दुसरी रशी

"बुवा, परवा त्याला सभागृहात आडवा कसा करू, तेवढंच सांगा."

उत्तम कुबल वाळूत उभा होता. बूट हातात, घाम कपाळावर. गडी मूळचा वकील, त्यात आमदार, त्यातही पहिल्याच खेपेला निवडून आलेला. मग तोंडाला खळ कसली!

आत्माबुवांनी मान वर केली नाही. खाडीच्या दोन्ही काठांवरची माणसं सल्ल्याला त्यांच्याकडंच येत. वय झालं होतं, पण सकाळी रापणीला हात लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. होडीनं अर्धगोल फिरून समुद्रात लांबलचक जाळं सोडलं होतं. त्याच्या दोन टोकांच्या दोन रश्या किनाऱ्यावर एकमेकींपासून लांब आलेल्या, आणि दोन्हींना ओळीनं माणसं लागलेली. बुवा अलीकडच्या रशीला होते.

"कोणाक आडवो करूचो आसा?"

"जयवंत मेथरला. खाडीपलीकडचा आमदार. सरकारनं आपली प्रवाळं वाचवायला निधी ठेवलाय, तर हे गृहस्थ म्हणतात, दगडांवर कसले पैसे घालता? त्यात होड्यांसाठी धक्का बांधा!"

"मगे?"

"मग काय! सगळ्यांदेखत सुनावलं. मेथरसाहेबांना पोवळं ठाऊक आहे ते फक्त अंगठीतलं! अख्खं सभागृह हसलं, बुवा."

"आणि निधी?"

उत्तमचा चेहरा उतरला.

"मंत्री म्हणाले, तुम्हा किनाऱ्यावाल्यांचंच जमत नसेल तर पैसा घाटावर वळवतो…"

त्याची खरी दुखरी जागा हीच होती. समोरच्या काळ्या खडकापलीकडं तो बापाचा हात सोडून पहिल्यांदा बुडी मारायला शिकला होता. खाली जांभळी, पिवळी प्रवाळं आणि त्यांच्यातून पळणारे मासे. गेल्या महिन्यात तो पुन्हा उतरला, तर निम्मी पांढरीफटक पडलेली. वर आला तेव्हा त्याला रडूच फुटलं. यंदा पैसा गेला तर पुढं वाचवायला काही उरणार नाही, हे तो जाणून होता. आठवडाभर त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"बुवा, काहीतरी सांगा ना…"

"रशी धर."

"आता?"

"मगे काय संध्याकाळी?"

उत्तमनं बूट फेकले, बाह्या सरसावल्या आणि रशी धरली. लहानपणाची सवय. हातांना ओळख पटली तसा त्याला जोर चढला. पलीकडच्या रशीवाले दमलेले दिसत होते. म्हटलं, बघाच आता! "ओढा रे, ओढा!" तो ओरडला. त्याची ओळही पेटली. रशी सरसर येऊ लागली.

"अरे, कोण रे तो शहाणो? हळू!" पलीकडून कुणीतरी बोंबललं.

उत्तमला ऐकायला फुरसत कुठली! त्यानं आणखी दोन हिसके दिले. जाळं तिरकं झालं. पलीकडची बाजू मागं राहिली आणि तिकडून बांगड्यांचा चकाकता थवा भसाभस निसटून गेला.

दोन्ही ओळींनी मिळून त्याला अशा शिव्या घातल्या की विचारू नका. आमदारकी वगैरे सगळी वाळूत. गाबिताच्या, जन्मजात मासेमाराच्या, पोरानं करू नये ती चूक त्यानं केली होती. त्याचे कान लाल झाले.

बुवा मात्र शांत. "वड. पण तिकडे बघून वड."

मग तो पलीकडं बघत ओढू लागला. ते ओढत तेव्हा हा ओढी, ते थांबत तेव्हा हा थांबे. जाळं जवळ येईल तशा दोन्ही ओळी एकमेकींकडं सरकू लागल्या. आणखी जवळ… आणखी जवळ…

पलीकडच्या ओळीत पुढचा माणूस डोक्याला टॉवेल गुंडाळून, अर्ध्या चड्डीत, घामानं निथळत होता. त्यानं टॉवेल काढला.

जयवंत मेथर!

दोघंही रशी धरून उभे. सोडता येईना, तोंड फिरवता येईना.

"तो सकाळीच इलो," बुवा सहज म्हणाले. "तुझोच प्रश्न घेवन."

उत्तमची नजर नकळत मेथरांच्या बोटाकडं गेली. अंगठी नव्हती.

"काढून ठेवलीय, वकीलसाहेब," मेथर म्हणाले. "रशीनं बोट कापतं."

आणि उत्तमला हसू फुटलं. मेथरही हसले. आठवडाभराचं छातीवरचं ओझं त्या हसण्यात उतरून गेलं.

"चुकलं माझं, जयवंतराव. तसं बोलायला नको होतं."

"नकोच होतं. घरी बायकोसुद्धा हसली." मेथरांनी घाम पुसला. "पण धक्का मला पाहिजेच. पावसाळ्यात आमच्या होड्या फुटतात हो!"

"धक्क्याला मी कुठं नाही म्हणतोय? खडकाजवळ नको, एवढंच. खाडीच्या अंगाला घ्या."

"तिकडं गाळ भरतो."

"तर गाळ काढायचे पैसे वेगळे मागू. मीही मागतो तुमच्यासोबत."

मेथरांनी रशी मागच्या गड्याकडं दिली, चड्डीच्या खिशातून मोबाइल काढला आणि तिथूनच मंत्र्यांना फोन लावला. "साहेब, प्रवाळांचा निधी किनाऱ्यावरच राहू दे… हो, कुबल शेजारीच आहेत… नाही, धक्क्याचं वेगळं बोलायचंय…" फोन ठेवून त्यांनी अंगठा वर केला.

उत्तमचे डोळे भरून आले होते, पण कुणाला दिसू नयेत म्हणून तो खळखळून हसला. वाचली! खडकापलीकडची ती सगळी रंगीत वस्ती वाचणार होती.

जाळं किनाऱ्याला लागलं. सुटलेले सुटले, तरी फडफडणारे बांगडे काही कमी नव्हते.

दोघांनी वाकून बुवांच्या पायांना हात लावला.

"बुवा, शब्द देतो," उत्तम म्हणाला. "यापुढं सभागृहात आम्ही दोघं एका बाजूला. एकमेकांविरुद्ध चकार शब्द काढणार नाही."

बुवांच्या हातातली टोपली खाली पडली.

"खुळे काय रे तुमी? मगे दुसरी रशी वडतलो कोण?"