साठ दाती की बहात्तर

“चाचा, मागं साठ दाती बसवू की बहात्तर? एवढंच सांगा, मी निघतो.”

धैर्यशील अजून टेम्पोतून उतरलासुद्धा नव्हता. मागं त्याची शर्यतीची गाडी बांधलेली. दस्तगीर चाचा पिराचा ओटा झाडत होते. त्यांचा झाडू काही थांबला नाही.

मी दोन्ही चक्रं उतरवून ओट्याला टेकवली. साखळ्या, क्लच आणि दातेरी चक्रं विकणं हा माझा धंदा. माळावर, चिखलात पळणाऱ्या गो-कार्ट बांधण्यात चाचांची उमेदीची वर्षं गेली; आता ते या पिराची जागा सांभाळतात. शर्यतवाले अजूनही आधी त्यांच्याकडे येतात, मग माझ्याकडे. धैर्यशील उलटा आला होता. म्हणून मीच त्याला घेऊन आलो.

हिशेब साधा आहे. मागचं चक्र लहान असलं की गाडी सपाटीवर सुसाट. मोठं असलं की वेग कमी, पण ओढ दांडगी. दोन्ही एकाच चक्रात मिळत नाही. मिळत असतं तर मी केव्हाच दुकानात मांडलं असतं.

मागच्या वर्षी धैर्यशीलची गाडी याच माळाच्या चढावर धूर सोडत अडकली. शेवटी ट्रॅक्टरला दोर बांधून काढली, सगळ्या गावादेखत. तेव्हापासून तो डेअरीत दूध घालायला गेला की कोणीतरी विचारतंच, “धैर्यशीलराव, ट्रॅक्टर बोलवू का?” यंदा पुन्हा तसं झालं तर गाडी विकून टाकणार, असं त्यानं मला वाटेत सांगितलं होतं.

“आत्ता कितीचं आहे?” चाचांनी विचारलं.

“साठ. सूतगिरणीच्या डांबरी रस्त्यावर मला गाठून दाखवावं कुणीही.”

“शर्यत गिरणीत आहे?”

“नाही. इथंच.”

…

चाचांनी झाडू ठेवला आणि कोनाड्यातली छत्री घेतली. ऊन फार होतं.

“त्या बाभळीपर्यंत जाऊ. तू गाडीनं ये, मी पायी.”

धैर्यशील माझ्याकडे बघून हसला. मीही हसलो. गिऱ्हाईक हसलं की आपणही हसावं.

बाभळीपाशीच शर्यत संपायची. खाली लांब सपाटी, मग एक काटकोनी वळण, आणि वळताक्षणी चढ. शर्यतवाल्यांनी त्यावर टँकरनं पाणी मारून चिखल केलेला. चाचांनी त्याला वळणातच उभं केलं आणि आपण छत्री उघडून चालू लागले.

इंजिन ओरडलं. गाडी सरकली, थोडी चढली… आणि चाकं जागच्या जागी दमली. जळक्या क्लचचा वास आला. तो वास मला ओळखीचा आहे. उद्या दुकानात गिऱ्हाईक येणार, एवढाच त्याचा अर्थ.

चाचा एकदाही मागं न बघता बाभळीपाशी पोचले. तिथं त्यांनी छत्री मिटली.

धैर्यशीलनं पाना मागितला. आम्ही बहात्तर दाती चढवलं, साखळीला कड्या जोडल्या, नवा क्लच घातला. चाचा पुन्हा खाली आले, पुन्हा छत्री उघडून निघाले. या खेपेला गाडी गाभण म्हशीसारखी सावकाश निघाली, पण थांबायचं नाव नाही. अर्ध्या वाटेत तिनं चाचांना मागं टाकलं, त्यांच्या पांढऱ्या लेंग्यावर चिखल उडवला आणि वर जाऊन उभी राहिली.

धैर्यशील पोटभर हसला. मग त्यानं खाली सपाटीकडे बघितलं.

“पण चाचा, सपाटीवर सगळे मला मागं टाकतील.”

“टाकतील.”

“मग मी काय करायचं?”

चाचांनी लेंगा झटकला.

“हात कर.”

“हात?”

“आपल्या शेजारून माणूस जातोय. हात करावा.”

…

शर्यतीत तसंच झालं. सपाटीवर एकेक गाडी त्याला मागं टाकत गेली आणि हा प्रत्येकाला हात करत होता. लाऊडस्पीकरवाला म्हणाला, धैर्यशीलराव पाहुण्यांना निरोप देत आहेत. माळ हसला. मी मात्र टाळ्या वाजवत राहिलो. चक्र माझ्याच दुकानातलं होतं ना.

मग वळण आलं. कोणाची चाकं फिरत होती, कोणाच्या क्लचचा धूर निघत होता. ट्रॅक्टरवाला दोर सोडायला लागला. आणि त्या सगळ्यांच्या मधून आमची म्हैस सावकाश वर गेली. तिच्या आधी बाभळीपाशी कोणीच नव्हतं.

लोकांनी त्याला गाडीसकट उचललं. डेअरीवाले सगळ्यांत पुढं.

संध्याकाळी तो पेढे आणि ढाल घेऊन पिराच्या ओट्यावर आला. मी होतोच. अंगावरचा चिखल त्यानं मुद्दाम धुतला नव्हता.

“सांगितलंत तसंच केलं, चाचा. पुढं गेलेल्या एकेकाला हात केला. एकालाही सोडलं नाही.”

चाचांनी पेढा तोंडात टाकला. ढाल उचलून लेंग्याला पुसली.

“आणि मागं राहिले, त्यांना?”