पायथ्याची हौसा

फार फार जुनी गोष्ट. डोंगरातून तेव्हा रस्ते नव्हते, नुसत्या पायवाटा होत्या, आणि राज्य इतकं लहान होतं की राणीला बहुतेक घरांतली माणसं तोंडओळखीने ठाऊक होती. लहानांनो, तुम्ही ऐका. मोठ्यांनो, तुम्हीही ऐका, कारण गोष्ट मुलींची असली तरी चूक त्यांच्या एकट्यांची नव्हती.

त्या राज्यात एक खिंड होती. खिंडीच्या अलीकडे एक गाव, पलीकडे एक गाव. दोन्ही गावांत राणीने मुलींसाठी विद्यालय काढलं होतं. सकाळी मुली लिहायला-वाचायला शिकत आणि उन्हं कलली की तालमीत उतरत. कोलांट्या मारत, दोरावर चढत, हातांवर चालत. पण सगळ्यांत अवघड काम मनोऱ्याचं. मुलींच्या खांद्यांवर मुली, त्यांच्या खांद्यांवर आणखी मुली, आणि अगदी शेंड्यावर एकटी एक.

दर चैत्रात खिंडीतल्या माळावर देवीची जत्रा भरे. त्या जत्रेत दोन्ही विद्यालयांचा सामना होई आणि जिंकेल त्या गावाला देवीचं निशाण मिळे.

अलीकडच्या गावात ते निशाण कित्येक वर्षांत आलं नव्हतं. तालमीतल्या एकाही मुलीने ते हातात घेतलेलं नव्हतं. बाजाराच्या दिवशी पलीकडची माणसं यायची आणि मुद्दाम विचारायची, "काय हो, यंदा मनोरा उभा राहणार, की गेल्या सालासारखा बसणार?" मग सगळा बाजार हसायचा. बाप मान खाली घालून घरी यायचे आणि पोरींवर डाफरायचे.

या तालमीत हौसा नावाची मुलगी होती. तेल्याची लेक. रुंद खांद्यांची, जाड पायांची, कमी बोलणारी. मनोऱ्यात ती पायथ्याला, अगदी मधोमध उभी राही. वरच्या सगळ्यांचा भार शेवटी तिच्यावर येई. लोक बघायचे ते शेंड्याकडे. हौसाचा चेहरा कुणाला दिसतही नसे, कारण ती मान खाली घालून उभी असे. तिला त्याचं वाईट वाटत नव्हतं. आपण हललो नाही म्हणून सगळं उभं आहे, एवढं तिला पुरत होतं.

शेंड्यावर चढायची ती मंजुळा. काटकुळी, हसरी, पाखरासारखी हलकी. दोघी एकाच आळीत वाढलेल्या. मंजुळा वर चढताना हौसाच्या पाठीवर पाय ठेवायच्या आधी दरवेळी विचारायची, "चढू का गं?" आणि हौसा म्हणायची, "चढ." बाकी कुणी असं विचारत नसे.

तालीम शिकवणाऱ्या बाईंना सगळ्या आक्का म्हणत. आक्का तरुणपणी याच माळावर हरल्या होत्या आणि नंतर त्यांच्या मुली हरत आल्या होत्या. वाईट नव्हत्या त्या. कुणी उपाशी आलं तर स्वतःची भाकरी मोडून देत. पण तालमीत उतरल्या की एकच वाक्य त्यांच्या तोंडी असे, "दुखतंय हे घरी सांगायचं. इथे नाही."

आणि हे नुसतं बोलणं नव्हतं. हिवाळ्यात पारू नावाच्या मुलीने घोटा सुजल्याचं सांगितलं होतं. आक्का म्हणाल्या, "पाय जपायचा असेल तर बाजूला बस." तेव्हापासून पारू तालमीच्या दाराशी सगळ्यांचे कपडे सांभाळत बसे. घोटा बरा झाला तरी तिला कुणी आत बोलावलं नाही. जेवायला बसताना तिच्यासाठी कुणी सरकून जागा करत नसे. तिचं काही चुकलं होतं असं नाही, पण ती दिसली की प्रत्येकीला आपलीही तीच गत होईल अशी धास्ती वाटे.

त्या वर्षी आक्कांनी ठरवलं, मनोरा एक थर वाढवायचा. पलीकडच्या गावाने जेवढा कधी केला नाही, तेवढा उंच.

सराव सुरू झाला. जत्रा जवळ आली तसा वेळ वाढला. मुली घरी जाऊन ताटावरच पेंगत. एका संध्याकाळी मधल्या थरातली एक मुलगी घसरली आणि सगळा मनोरा कोसळला. मऊ मातीत पडल्यामुळे बाकीच्या खरचटून उठल्या. हौसा मात्र सगळ्यांच्या खाली होती. कुणाचा तरी गुडघा तिच्या उजव्या खांद्यात बसला आणि आत काहीतरी कट्कन वाजलं.

"उठा, पुन्हा लावा," आक्का म्हणाल्या.

हौसा उठली. मनोरा पुन्हा लागला. तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, पण ती हलली नाही.

दुसऱ्या दिवशी तिला पाण्याची कळशी उचलता येईना. आईने ते पाहिलं. पोलकं सरकवून खांदा बघितला. खांदा काळानिळा पडला होता.

"हौसे, आक्कांना सांग."

"सांगते."

"आजच सांग. नाहीतर मी येऊन सांगते."

"तू येऊ नकोस, आई. लोक हसतील. मी सांगते म्हटलं ना."

आईने हळद आणि आंबेहळदीचा लेप लावून दिला. बापाने सगळं ऐकलं. तो घाण्याच्या बैलाला वैरण घालत होता. मान न वळवता तो एवढंच म्हणाला, "यंदा निशाण येणार असं सारं गाव म्हणतंय." पुढे काही बोलला नाही. पण हौसाला पुढचं ऐकू आलं.

ती तालमीत गेली ती सांगायचंच ठरवून. दाराशी पारू बसली होती, मांडीवर कपड्यांचा ढीग घेऊन. हौसाने तिच्याकडे पाहिलं. आक्कांकडे जाण्याऐवजी ती गिरजाकडे गेली. गिरजा वयाने सगळ्यांत मोठी, मनोऱ्याची मोजणी तीच करी.

"गिरजा, माझा खांदा भरून आलाय. हात वर जात नाही."

गिरजाने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "आता? अगं, जत्रा तोंडावर आलीय. तुझ्या जागी कोण उभी राहणार? तुझ्याएवढं वजन पेलणारी आहे का इथे एक तरी?"

"नाही."

"मग? सगळ्यांनी वर्षभर घाम गाळलाय, त्यावर पाणी टाकायचं का? घट्ट बांध. होईल बरा."

हौसाने खांदा घट्ट बांधला. वर पोलकं चढवलं. कुणाला काही दिसलं नाही.

पण मंजुळाला कळलं. जी रोज पाठीवर पाय ठेवून चढते, तिला तळव्यांना कळतं. सराव संपल्यावर विहिरीवर हातपाय धुताना ती हौसाजवळ आली.

"हौसा, तुझा उजवा खांदा थरथरतो आहे."

"दमले होते."

"दमलेलं वेगळं असतं. खरं सांग, बरा आहे ना खांदा? मला बाकी काही नको. तू बरा म्हणालीस की मी डोळे मिटून चढते."

हौसाने तिच्याकडे पाहिलं. ओठांवर आलं होतं. पण मग तिला दाराशी बसलेली पारू आठवली, बापाची पाठ आठवली, गिरजाचा दबलेला आवाज आठवला. आणि मी तुम्हाला खोटं सांगणार नाही, आणखीही एक गोष्ट होती. आपल्याशिवाय हे सगळं उभं राहत नाही, हा एकच अभिमान तिच्याजवळ होता. तो सोडायचा कसा?

"बरा आहे," ती म्हणाली.

मंजुळा हसली. तिने ओल्या हाताने हौसाचा गाल ओढला आणि उड्या मारत निघून गेली.

जत्रेचा दिवस उजाडला. आभाळ मळलेलं होतं, वारा पडलेला होता. माळ माणसांनी फुलून गेला होता. पलीकडच्या मुलींनी आपला मनोरा लावला. सुरेख लावला, सुखरूप उतरवला. पंचांनी माना डोलावल्या.

मग अलीकडच्या मुली उतरल्या. पायथा लागला. हौसा मधोमध, मान खाली. दुसरा थर चढला, तिसरा चढला. प्रत्येक पावलागणिक तिच्या खांद्यातून कळ मस्तकापर्यंत जात होती. तिने दात इतके आवळले की तोंडात रक्ताची चव आली.

तेवढ्यात पाठीवर ओळखीचा हलका हात टेकला.

"चढू का गं?"

अजूनही वेळ होता. एक शब्द पुरला असता. सगळा माळ थांबला असता, पलीकडचे हसले असते, गावाची मान खाली गेली असती. त्याहून जास्त काही झालं नसतं.

"चढ," हौसा म्हणाली.

मंजुळा चढली. सर्रकन शेंड्यावर पोहोचली, सरळ उभी राहिली आणि तिने दोन्ही हात आभाळाकडे नेले. पंचांनी निशाण उंचावलं. एवढा उंच मनोरा त्या माळाने कधी पाहिला नव्हता. ढोल वाजू लागले, गुलाल उडाला, अलीकडच्या गावाने आरोळी ठोकली. जिंकलं होतं गाव.

आणि तेव्हा हौसाचा खांदा गेला.

ढोलांच्या आवाजात कुणाची किंकाळी कुणाला ऐकू आली नाही. गुलाल एवढा दाटला होता की आधी लोकांना वाटलं, मुली आनंदाने खाली उड्या घेताहेत. मागचे लोक नाचतच होते. गुलाल खाली बसला, तेव्हा बाकीच्या मुली धडपडत उठत होत्या. मंजुळा उठत नव्हती. ती माळावरच्या उघड्या कातळावर पडली होती.

ती मेली नाही. वैद्यांनी मोडलेलं जेवढं बसवता येतं तेवढं बसवलं. पण कमरेखाली तिचं अंग पुन्हा कधी तिचं झालं नाही.

निशाण विद्यालयात आणून लावलं. त्याच्याखालून जाताना मुली वर बघत नसत.

हौसाचा खांदा उघडा पडला तेव्हा सगळ्यांना सगळं कळलं. गिरजा कोपऱ्यात तोंड लपवून रडली. आक्का हौसाच्या घरी आल्या आणि उंबऱ्यावरच बसल्या.

"मला का नाही सांगितलंस, पोरी? एक थर कमी केला असता."

"हरलो असतो, आक्का."

"हो. हरलो असतो. आधी हरत नव्हतो का? पण मला सांगावं, असं तुला वाटलं नाही. ते माझंच पाप." त्यांनी पदराने डोळे पुसले आणि त्या गेल्या. तालमीचं दार त्यांनी त्यानंतर उघडलं नाही.

हौसाला मात्र आणखी एका दारात जायचं होतं. हात गळ्यात बांधलेला होता तरी ती मंजुळाच्या घरी गेली. मंजुळा खाटेवर होती. आईने तिला टेकवून बसवलं आणि ती आत निघून गेली.

"मंजुळा, त्या दिवशी विहिरीवर मी खोटं बोलले."

"ठाऊक आहे मला."

"मला वाटलं, मी तोलून धरीन. तुम्हा कुणाला कळणारही नाही."

मंजुळा ओरडली नाही. ओरडली असती तर हौसाला बरं वाटलं असतं.

"मी तुला विचारलं होतं, हौसा," ती म्हणाली. "विहिरीवर विचारलं, माळावर विचारलं. तू खरं सांगितलं असतंस तरी कदाचित मी चढलेही असते. मलाही जिंकायचं होतं. पण मग ते मी ठरवलं असतं. पाय माझे होते."

हौसाने खाटेवरचा मंजुळाचा हात धरायला आपला हात पुढे केला. मंजुळाने हात आखडून घेतला नाही, पण हौसाचा धरलाही नाही. गोधडीवर तसाच पालथा ठेवला आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

"आता जा तू. मी निजते."

हौसा दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तिसऱ्याही दिवशी गेली. कधी मंजुळा तिच्याशी चार शब्द बोले, कधी आईकरवी निजली आहे म्हणून सांगे. हौसाचं लग्न झालं, ती गावातच राहिली, तिला मुलंबाळं झाली. तिचं जाणं थांबलं नाही. मंजुळाचे केस ती विंचरून देई, पाणी भरून ठेवी, खाट उन्हात सरकवी. मंजुळा ते सगळं करू देई. पण आयुष्यभरात तिने हौसाला पुन्हा कधी काही विचारलं नाही. "बाहेर ऊन आहे का?" एवढंही नाही. विचारायचं असलं की ती दुसऱ्या कुणाला तरी हाक मारी.

आणि हौसा ती हाक ऐकत तिथेच उभी राही.

म्हणून लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: जो आपल्या भरवशावर उभा आहे त्याच्यापासून आपलं दुखणं लपवणं हा धीर नव्हे, तो दगा आहे.