छत्री नेली का?

"घरी कोणाला सांगितलास विषय?"

गुंजीकर सरांनी फॉर्मला अजून हातही लावला नव्हता. तालुक्याच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारे ते एकटेच, आणि शेवटच्या वर्षाची मुलं चार. प्रकल्पाच्या फॉर्मवर सही करण्याआधी त्यांची एकच अट असे. विषय आधी घरी सांगायचा, आणि घरचे काय म्हणाले ते येऊन सांगायचं.

इंद्रजितला ही अट पोरकट वाटे.

"सर, पाचला ऑफिस बंद होतं. आज शेवटचा दिवस आहे. तुम्ही विषय तर वाचा!"

सरांनी वाचला. 'असत्य : कोणत्याही परिस्थितीत असमर्थनीय.'

"कोणत्याही?"

"कोणत्याही. पळवाटा काढून काढूनच सगळं सडलंय, सर. कोणीतरी ठामपणे लिहायला हवं. मी दीडशे पानं लिहीन."

"वाचायची मलाच आहेत," सर म्हणाले. "घरी काय म्हणाले?"

"घरी फक्त अण्णा असतात. त्यांना सांगून काय उपयोग? पाच मिनिटांत विसरतात."

"पाच मिनिटं पुष्कळ झाली."

इंद्रजितनं घड्याळाकडं पाहिलं.

"हाच विषय का, रे?"

...

"आई जाऊन दीड वर्ष झालं. अण्णांच्या ते लक्षात राहत नाही. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं. आत्ताच गेली असावी तसे रडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. पुन्हा तसेच रडले."

"मग?"

"मग खोटं बोलायला लागलो. रोज दुपारी विचारतात, ही कुठं गेली रे? मी म्हणतो, बाजारात."

"त्यावर काय म्हणतात?"

"म्हणतात, एवढ्या उन्हाची? छत्री नेली का?"

"आणि तू?"

"नेली म्हणतो." त्यानं फॉर्मवर बोट ठेवलं. "बापाशी रोज खोटं बोलणारा माणूस आहे मी, सर. निदान कागदावर तरी स्वतःला माफी द्यायची नाही मला."

सरांनी पेनाचं टोपण काढलं. पुन्हा लावलं.

"कुठं असते ती?"

"काय?"

"आईची छत्री."

"खुंटीला. हलवली नाही अजून."

"खुंटी कुठं आहे?"

"सर, याचा विषयाशी काय—"

"कुठं आहे?"

"अण्णांच्या खाटेसमोर. भिंतीला..."

इंद्रजित थांबला.

बाहेर व्हरांड्यात कोणीतरी खुर्च्या ओढत होतं.

"नजर कशी आहे त्यांची?"

"चांगली आहे," तो हळूच म्हणाला. "पेपर वाचतात. चष्म्याशिवाय."

"आणि तू 'नेली' म्हणालास की?"

"माझ्याकडं बघत राहतात जरा वेळ. मग म्हणतात, बरं. पाठीवरून हात फिरवतात. जेवलास का, विचारतात."

"रोज?"

"रोज."

...

सरांनी फॉर्म पुढे ओढला. विषयावर एक आडवी रेघ मारली, अगदी सावकाश, आणि खाली सही केली.

"सर, विषयाची जागा रिकामीच राहिली."

"राहू दे. ऑफिसात मी सांगतो."

"पण मग मी लिहू काय?"

सरांनी फॉर्मची घडी घालून खिशात ठेवली. उठून त्याची पिशवी त्याच्या खांद्याला अडकवली.

"घरी जा, बाळ. आज पाठीवरून हात तू फिरव."