आभाळात थांबलेला झेल

राणीचं राज्य होतं, नदीपलीकडे गोऱ्यांची छावणी होती आणि अलीकडे आमचं बोरमाळ होतं, त्या काळातली ही गोष्ट. गावकुसाबाहेर धर्मनाक नावाचा एक तरणा गडी राहायचा. छावणीतल्या घोड्यांसाठी तो गवत कापायचा. एकदा गोऱ्यांच्या फुटबॉलात एक गडी कमी पडला, तेव्हा त्यांनी त्याच्या हातातला विळा खाली ठेवायला लावला आणि त्याला मैदानात ओढलं. बूट घातलेल्या गड्यांमधून हा अनवाणी पोरगा चेंडू काढायचा आणि चेंडू पाळीव कुत्र्यासारखा त्याच्या मागे यायचा, असं म्हणतात. साहेब बक्षीस देऊ लागला, तर म्हणाला, "गवत कापायचं पैसं घेतो, सायेब. खेळायचं न्हाय."

त्याचं नाव झालं आणि गावाला तो एकदम आपला वाटायला लागला. पावसाळ्यात गावाच्या फुटबॉलात त्याला घेतलं. गावचे पंच म्हणाले, चेंडू पायानं जातो, जमिनीवरून येतो, त्यात विटाळ कसला? पण हिवाळा आला, क्रिकेट सुरू झालं, चेंडू हातोहात फिरायला लागला आणि पंचांची पंचाईत झाली. धर्मनाकशिवाय छावणीला हरवता येत नव्हतं आणि धर्मनाकला शिवताही येत नव्हतं. मग त्या शहाण्यांनी तोड काढली. यानं कडेला उभं राहायचं, चेंडू पायानं अडवायचा आणि पायानंच परत ढकलायचा. बॅट नाही. हात तर नाहीच नाही.

माझं तर हे सांगतानाही डोकं फिरतं. लाथ चालते, हात चालत नाही! अरे, चेंडू कातड्याचा. ते मेलेलं जनावर गावातून ओढून नेलं ते याच्याच भाऊबंदांनी. तेव्हा नाही तो चेंडू बाटला?

तरी धर्मनाक उभा राहिला. खेळाचं वेड, दुसरं काय! आपल्या आईला, सकवारला, तो म्हणायचा, "एवढा डाव जिकू दे, आये. मग देत्यात का न्हाय बघ हातात चेंडू."

तो डाव आला. छावणीचा शेवटचा गडी खेळत होता. एक झेल मिळाला की बोरमाळ जिंकणार होतं. गोऱ्यानं फटका मारला, चेंडू उंच उडाला आणि थेट धर्मनाकच्या डोक्यावर आला. सगळं गाव ओरडलं. पाटील तर पागोटं फेकून सगळ्यांच्या वर ओरडला, "धर रं धर्म्या, हातानं धर!"

धर्मनाकनं दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि वर बघितलं. आणि चेंडू आभाळातच थांबला, असं म्हणतात. घारी त्याच्याभोवती घिरट्या घालून गेल्या, पण चेंडू हलला नाही.

"पाटील," धर्मनाक म्हणाला, "आज धरतो. उद्या शिवशीला का मला?"

पाटलानं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग म्हणाला, "आधी धर. मग बघू."

मग बघू! या दोन शब्दांवर आमच्या गावानं किती जणांना म्हातारं केलं आहे, देव जाणे.

चेंडू खाली आला तसा धर्मनाकनं पाय उचलला आणि असा टोला हाणला की चेंडू मैदान, नदी, छावणीचं निशाण ओलांडून गेला. तो अजून खाली पडलेला नाही, असं म्हणतात. गाव हरलं. धर्मनाक नदीत उतरला, पलीकडे निघाला आणि पुन्हा कुणाला दिसला नाही.

त्या दिवसापासून बोरमाळच्या मैदानात चेंडू उसळेना. शेणाच्या गोळ्यासारखा पडायचा आणि पडल्या जागी बसायचा. गावानं नारळ फोडले, बोकड कापला, देवाला अभिषेक केला. जे करायचं ते सोडून सगळं केलं. शेवटी पाटील सकवारच्या दारात गेला. तिनं लेकासाठी चिंध्यांचा एक चेंडू शिवून ठेवला होता, तो तिनं पुढे धरला. पाटलानं रीतीप्रमाणे खाली ओंजळ केली, म्हणजे म्हातारीनं वरून टाकायचा.

"मी वरनं टाकायची न्हाय," सकवार म्हणाली. "माझ्या हातातनं घ्या."

पाटील उभा राहिला. सकाळचं ऊन डोक्यावर आलं, तेव्हा कुठे त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. त्या दिवशी मैदानात चेंडू उसळला. पोरगा मात्र आला नाही. का यावं त्यानं?

अजून जत्रेच्या सामन्याआधी गावकुसाबाहेरच्या वस्तीतली एखादी म्हातारी मैदानात येते, हातात चेंडू घेऊन उभी राहते आणि पाटलाच्या घरातल्यानं तो तिच्या हातातून घ्यायचा असतो. त्याला आम्ही धर्मनाकचा झेल म्हणतो. पाटलाकडचा कुणी ना कुणी दर वर्षी हात मागे ओढतो. कुणाचा खांदा दुखतो, कुणी म्हणतो, "आधी खेळ होऊ दे, मग बघू." अशा वेळी आम्ही खेळ सुरू करत नाही. त्याच्यावर ओरडतही नाही. म्हातारीला सावलीत खुर्ची देतो आणि त्याला उन्हात उभा ठेवतो. उभा राहा म्हणावं, अख्खा दिवस उभा राहा.